धोंडू, धोंडीबा, धोंडिराम: तिघं की एकच?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. कल्याणला गाडीत चढून वाचायला लागलात तर बदलापूर येईपर्यंत संपेल.

आजचा विषय आहे आपल्या घरातली जुनी नावं. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या पट्ट्यात राहणाऱ्या बऱ्याच मुलांना कधी ना कधी एक प्रश्न पडतो. जात पडताळणी असते, सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात, किंवा नुसतंच कुतूहल असतं. मग तो मोबाईलवर शोधतो, "आजोबांच्या वेळची जनगणना ऑनलाइन कुठे मिळेल?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. मिळणार नाही.

परदेशी सिनेमांत, व्हिडिओंत आपण बघतो की कुणीतरी संगणकावर पणजीचं नाव टाकतं आणि जुन्या जनगणनेचं पान समोर येतं. ते खोटं नाही. अमेरिकेत ७२ वर्षं झाली की जनगणनेचे मूळ कागद खुले होतात. १९५० सालचे कागद १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले. इंग्लंड-वेल्समध्ये हीच मुदत १०० वर्षांची आहे, तिथे १९२१ ची जनगणना जानेवारी २०२२ मध्ये लोकांना बघायला मिळाली. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. १९४८ च्या जनगणना अधिनियमाचं कलम १५ सांगतं की जनगणना कर्मचाऱ्याने भरलेली वही किंवा तक्ता पाहायचा हक्क कुणालाही नाही, आणि दिवाणी दाव्यात तो पुरावा म्हणूनही चालत नाही. त्याला ७२ किंवा १०० वर्षांची अशी काही मुदत नाही.

म्हणजे बघा, २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या होती ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार. तिन्ही मिळून नऊ लाखांहून जास्त माणसं. हे आकडे कुणीही बघू शकतो. पण त्या आकड्यांमागचं एकही नाव बघता येत नाही. आणि त्याला कारण आहे. कर्मचारी दारात आल्यावर माणसाने न घाबरता खरं सांगावं, ते त्याच्यावर कुठे उलटू नये, म्हणून ही गुप्तता ठेवली आहे.

जनगणनेतली नावं बाहेर वापरली गेली तर काय होऊ शकतं, हे आसामने पाहिलं आहे. तिथे १९५१ च्या जनगणनेच्या माहितीवरून नागरिक नोंदवही तयार केली गेली होती. पुढे अद्ययावत वही करताना लोकांना सांगितलं गेलं, त्या जुन्या वहीत किंवा जुन्या मतदार यादीत तुमच्या पूर्वजाचं नाव दाखवा आणि त्याच्याशी तुमचं नातं सिद्ध करा. ३१ ऑगस्ट २०१९ ला अंतिम यादी आली तेव्हा १९ लाखांहून जास्त लोक बाहेर राहिले होते. आजोबांच्या नावाचं स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, यामुळे कितीतरी कुटुंबांना सुनावण्यांच्या चकरा माराव्या लागल्या. एका अक्षराची किंमत कुठवर जाऊ शकते, ते यावरून कळतं.

बरं, मग आपल्याकडे नावं सापडतात कुठे? जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीत, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. फेरफारात आणि सातबाऱ्यावर. नोकरीच्या सर्व्हिस बुकात. आणि घरातलं कुणी नाशिक-त्र्यंबकेश्वरला विधी करायला गेलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये. त्या वह्यांत गाव आणि आडनाव यांवरून पिढ्यांची नावं निघतात.

अडचण अशी की या प्रत्येक ठिकाणी तुमच्या पणजोबांचं नाव वेगळं असतं.

एक उदाहरण घेऊ. हे कुटुंब खरं नाही, आपण समजण्यासाठी रचतोय. समजा बदलापूरजवळच्या एका गावात तुमचे आजोबा १९३८ मध्ये जन्मले. तुम्हाला घरात सांगितलंय की आजोबा गणपत आणि पणजोबा धोंडू. तुम्ही तहसील कार्यालयातून जन्माच्या नोंदीची नक्कल काढता. तिथे असतं, "धोंडू बिन राघो, यास मुलगा". गणपत हे नाव कुठेच नाही! शाळेचा उतारा काढता, तिथे "पाटील गणपत धोंडीबा, जन्म १ जून १९३७". जमिनीच्या फेरफारात "गणू धोंडू वगैरे ३". आजोबा पुढे अंबरनाथला कारखान्यात लागले, तिथल्या पुस्तकात इंग्रजीत "गणपत डी. पाटील". मृत्यूच्या दाखल्यावर "गणपत धोंडिराम पाटील". आणि आजोबा हयात असताना काढलेल्या आधार कार्डावर, इंग्रजीवरून मशीनने मराठी केलं म्हणून, "गणपथ दोंडू पाटील".

घरात चर्चा सुरू होते. धोंडू, धोंडीबा, धोंडिराम, दोंडू. कागद चुकलेत, आधी दुरुस्त करून घेऊ. इथेच थांबा. दुरुस्तीला धावायच्या आधी, हे नाव लिहिलं कुणी आणि कशासाठी, ते बघा. मग यातले बहुतेक फरक आपोआप उलगडतात.

जन्माच्या वहीपासून सुरू करू. बाळ जन्मलं की पाटील-कोतवालाकडे खबर जायची. बारसं व्हायचं बाराव्या दिवशी. नोंद होताना बाळाला नावच नसायचं! म्हणून "यास मुलगा" किंवा "मुलगी" एवढंच. जुन्या वह्यांत असं सर्रास सापडतं. म्हणजे तिथे आजोबांचं नाव शोधणंच बरोबर नाही, तिथे शोधायचा तो बाप, गाव आणि साल.

आता शाळा. गुरुजींनी वर्गात बसवताना नाव विचारलं, बापाने "गणू" सांगितलं, गुरुजींनी "गणपत" लिहिलं. बापाचं "धोंडू" कानाला बरं वाटेना म्हणून "धोंडीबा" केलं. आडनाव विचारलं, तर बाप पाटीलकी करणाऱ्या घरातला म्हणून "पाटील". आडनाव हे कितीतरी घरांत असंच शाळेत किंवा नोकरीत चिकटलंय. म्हणून दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघतात, एकाने हुद्दा लावला, दुसऱ्याने गावाच्या नावाला "कर" जोडलं. आणि १ जून? तो तर अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, तारीख कुणाला ठाऊक नसायची, गुरुजी वय अंदाजे धरून १ जून टाकायचे. तेव्हा जन्मवहीतल्या १९३८ आणि शाळेतल्या १ जून १९३७ मध्ये भांडण लावू नका. एक खबरीवरून लिहिलंय, एक अंदाजाने.

आणि "धोंडू" या नावाचं काय? आधीची मुलं दगावली असतील तर पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, भिकू अशी नावं ठेवायचे. असं मूल जगलं की कधी तेच नाव कायम राहायचं, कधी कागदावर दुसरं यायचं. त्यामुळे "उर्फ" दिसलं तर खूश व्हा. कुणीतरी तुमचं काम आधीच करून ठेवलंय.

मग येतात जुन्या कागदांतले शब्द. यात नवखे लोक हमखास अडकतात. "बिन" किंवा "वलद" म्हणजे "चा मुलगा". ते नावाचा भाग नाहीत. "कोम" किंवा "भ्रतार" म्हणजे नवरा. "सखू कोम गणू" म्हणजे गणूची बायको सखू. "मयत" म्हणजे वारलेला. "अ. पा. क." दिसलं तर मालक अज्ञान आहे आणि पुढचं नाव त्याच्या पालनकर्त्याचं. "ए. कु. मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे जमीन सगळ्यांची आहे, नाव फक्त एकाचं लागलंय. तुमच्या आजोबांचं नाव तिथे नाही याचा अर्थ त्यांचा हक्क नव्हता असा होत नाही. आणि "कु." दिसलं की आधी रकाना बघा. नावापुढे असेल तर कुमारी, जातीच्या रकान्यात असेल तर बहुधा कुणबी.

त्याहून जुना कागद मोडीत असतो. मोडीत इ-ई आणि उ-ऊ असा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळत नाहीत, आणि शब्द न तोडता एका ओळीत सलग लिहितात. मग वाचणारा कुठे तोडेल त्यावर नाव ठरतं. एकाच पानाची दोन जाणकारांनी दोन वाचनं केली, असं घडतं. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमून कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा गावोगावची जुनी दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली, ती यामुळेच. मोडीचा कागद असेल तर नुसतं लिप्यंतर घेऊ नका. मूळ पानाचा फोटो जोडून ठेवा. उद्या दुसऱ्या जाणकाराला ते नव्याने वाचता आलं पाहिजे.

आता उल्हासनगरकडे वळू, कारण तिथली गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचं नाव उल्हासनगर झालं. आजही पत्ता सांगताना आपण कॅम्प एक ते कॅम्प पाच असंच म्हणतो. म्हणजे एकाच बराकीत राहणाऱ्या घराचा १९४८ चा कागद "कल्याण कॅम्प" म्हणतो आणि १९५० चा "उल्हासनगर". घर हललेलं नाही, पण पत्ता बदलला.

आणि नाव? सिंधी लिहिली जायची अरबी वळणाच्या लिपीत. त्या लिपीत ५२ अक्षरं आहेत, आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, ते वाचणाऱ्याने समजून घ्यायचे. सिंधीत ग, ज, ड, ब यांचे आणखी वेगळे उच्चार आहेत, श्वास आत ओढून करायचे, ते मराठीत नाहीतच. आता विचार करा. सिंधमधल्या शाळेचा दाखला त्या लिपीत. निर्वासितांच्या नोंदणीत कारकुनाने ऐकून इंग्रजीत लिहिलं. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे १९५० च्या कायद्याखाली मांडले गेले, १९५४ च्या कायद्याने भरपाई ठरली, तिथे आणखी एकदा इंग्रजी. मग नगरपालिकेच्या आणि शाळेच्या कागदांवर मराठी. तीन लिप्या, तीन कान, आणि त्यात कुणी आडनावाऐवजी आजोबांचं नाव लावलेलं. सिंधी आडनावातलं "आणी" हे बऱ्याचदा एखाद्या मूळपुरुषाच्या नावाला जोडलेलं असतं, म्हणजे त्याच्या वंशातले. त्यामुळे आडनावाचा पहिला भाग नीट पाहिला तर कधी कधी सहा-सात पिढ्यांमागच्या माणसाचं नाव हाती लागतं. उल्हासनगरच्या मित्रांनो, आजी-आजोबांना सिंधी लिपी वाचता येत असेल तर घरातली जुनी पत्रं, हिशेबाच्या वह्या त्यांच्याकडून आत्ताच वाचून घ्या. तुमच्या पिढीत ती लिपी किती जणांना येते, हे तुम्हीच सांगा.

गावांचंही तसंच. बदलापूर-अंबरनाथचा जुना कागद "तालुका कल्याण" म्हणतो, अंबरनाथ तालुका नंतरचा. बदलापूरच्या नगरपरिषदेचं नाव आहे कुळगाव-बदलापूर, कारण ती मुळात वेगवेगळी गावं. अंबरनाथ जुन्या इंग्रजी कागदांत "अमरनाथ" असंही सापडतं. कर्जत-नेरळकडून आलेल्यांच्या कागदावर "जिल्हा कुलाबा" असेल, तोच आजचा रायगड. माणसाचं नाव शोधायच्या आधी त्या सालात ते गाव कुठल्या तालुक्यात आणि जिल्ह्यात होतं, ते पक्कं करा. नाहीतर चुकीच्या कार्यालयाच्या रांगेत उभे राहाल.

आता सगळ्यात अवघड भाग, बायकांची नावं. माहेरचं एक, लग्नात बदललेलं दुसरं. सिंधी घरांतही ही पद्धत आहे. कागदावर बऱ्याचदा नावच नाही, "अमुकची बायको". १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदार यादीतून वगळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं, फक्त "याची पत्नी", "त्याची मुलगी" असं सांगितलं होतं. पणजीचं नाव सापडत नाही म्हणून वंशावळीत नुसता डॅश टाकू नका. तिच्या भावाकडे जा. माहेरच्या फेरफारात, हक्कसोडपत्रात, बहिणी म्हणून नावं लागलेली असतात, आणि तिथे ती जन्मनावाने भेटण्याची शक्यता जास्त.

आता म्हणाल, एवढं सगळं मान्य, पण अधिकाऱ्यासमोर काय ठेवायचं? कारण जात पडताळणीत नुसतं कुतूहल चालत नाही. तिथे ठरलेल्या तारखांच्या आधीचे पुरावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे नेमका तोच काळ, जेव्हा नावं अशी सैल लिहिली जायची. बारावीनंतर प्रवेशाची यादी लागलेली असते आणि मुलगी "धोंडू" आणि "धोंडीबा" यांच्यामध्ये अडकलेली असते. तिचं एक वर्ष त्यावर टांगलेलं असतं.

तेव्हा एक साधी पद्धत सांगतो. वही घ्या किंवा फोनवर तक्ता करा. प्रत्येक कागदाला एक ओळ. त्यात लिहा: कागद कुठला, साल कुठलं, लिहिलं कुणी, नाव जसंच्या तसं काय आहे, बापाचं नाव काय, गाव कुठलं, आणि सोबत आणखी कुणाचं नाव आहे. नाव जसंच्या तसं म्हणजे अगदी तसंच, "गणू" तर "गणू". आपल्या मनाने "गणपत" करायचं नाही. मग ओळी शेजारी ठेवून बघा. नाव हलत असेल, पण बापाचं नाव, गाव, जमिनीचा गट किंवा सर्व्हे नंबर, भावांची नावं आणि साधारण वय जुळत असेल, तर माणूस एकच. यातलं नुसतं नाव जुळतंय आणि बाकी काही जुळत नाही, तर सावध व्हा. एका गावात तीन धोंडू असू शकतात. दुसऱ्याचा आजोबा आपला म्हणून लावून घेतला, तर पुढचे सगळे कागद खोट्यात जातात.

आणि हो, एक अक्षर कधी क्षुल्लक असतं, कधी सगळं काही. आपल्या डोंगरपट्ट्यातल्या ठाकर वाड्यांचं बघा. अनुसूचित जमातींच्या यादीत ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर असे प्रकार मुळातच लिहिलेले आहेत, त्यामुळे "ठाकूर" की "ठाकर" यावरून वाद नको. पण "ठाकूर" हे इतर समाजांत नुसतं आडनावही असतं, म्हणून ते आडनावाच्या जागी आहे की जमातीच्या, हे बघावंच लागतं. दुसरीकडे यादीतला "धनगड" आणि आपला "धनगर" एकच, असं म्हणणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळल्या. तिथे ड आणि र यांच्यावर एका मोठ्या समाजाची मागणी अडली आहे. म्हणून घरातल्या माणसाच्या नावातला फरक आणि जातीच्या नावातला फरक, या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका. पहिला कुटुंब समजावून सांगू शकतं. दुसरा यादी आणि न्यायालय ठरवतं.

शेवटचं, पण महत्त्वाचं. जुन्या नोंदीवर कुणालाही हात फिरवू देऊ नका. "थोडे पैसे द्या, वहीत दुरुस्त करून देतो" असं सांगणारे भेटतील. पडताळणीत मूळ वही मागवतात. शाई, अक्षर, वरखालच्या नोंदी, सगळं तपासतात. खरी नोंद असलेलं घर अशा एका खाडाखोडीने संशयात येतं. आणि आपला कायदाही हेच सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ मध्ये चूक दुरुस्त करायची सोय आहे, पण कशी? मूळ नोंदीला हात न लावता, समासात दुरुस्ती लिहून, त्यावर सही आणि तारीख टाकून. जुनं तसंच राहतं, नवं त्याच्या शेजारी येतं. तुम्हीही तेच करा. सगळ्या नकला मूळ रूपात जोडा, आणि सोबत एक प्रतिज्ञापत्र द्या की या कागदावरचा धोंडू, त्या कागदावरचा धोंडीबा आणि मृत्यूच्या दाखल्यावरचा धोंडिराम एकच, कारण अमुक अमुक. तुमचा तक्ता त्या प्रतिज्ञापत्राचा कणा होईल.

ही गडबड आपल्या पिढीत संपेल असं वाटत असेल, तर तसंही नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं सरकारी कागदांवर स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा क्रमाने लिहायचं ठरलंय. आईचं नाव आलं, फार चांगलं झालं. पण एकाच घरात थोरल्याच्या नावाचे तुकडे तीन आणि धाकट्याचे चार. शंभर वर्षांनी कुणीतरी त्यावरही डोकं खाजवणार. आणि २०२७ ची जनगणना तर फोनवर होतेय, घरच्या घरी स्वतः माहिती भरायची सोयही आहे. ती भरताना आजीला विचारा की तिचं नाव कसं लिहायचं. तिला सवय नसेल कुणी विचारायची. ती जे सांगेल तेच टाका. ती माहिती तुमच्या नातवंडांना बघायला मिळणार नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. म्हणून तेच नाव, तिचं माहेरचं नाव, तिच्या आईचं नाव आणि गाव घरातल्या वहीतही लिहून ठेवा. आणि फोन हातात आहेच, तर तिच्या आवाजात रेकॉर्डही करा. नावाचा खरा उच्चार कुठल्याच लिपीत पुरता उतरत नाही.

पुढच्या भागात जुना फेरफार ओळीओळीने कसा वाचायचा ते बघू. तोवर घरातली ट्रंक उघडा. भेटू!